हुकमाची पट्टी

जपानमध्ये नवऱ्याने बायकोला सोडलेला हुकूम बाटलीत भरून विकतात. फलाटावरच्या यंत्रात नाणी टाकली की खालच्या खणात धप्पकन एक हिरवी बाटली येऊन पडते. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं असतं, ‘ओऽइ, ओचा’. अस्सल मराठीत सांगायचं तर ‘अगं ए, चहा!’ इतो-एन या कंपनीने १९८५ साली डबाबंद हिरवा चहा काढला, तेव्हा त्याला चहाच्या जातीवरून साधंसुधं नाव दिलं होतं. १९८९ साली ते बदलून ही हाक ठेवली, आणि हाकेला जपान जे धावून आलं ते अजून थांबलेलं नाही. टोकियोतल्या कुठल्याही कचेरीत बैठकीला बसा, दोनचार जणांपुढे तरी ‘अगं ए, चहा!’ उभा असतो. त्यांत विभागप्रमुख बाईही असतात. त्यांना कोणी हाक मारलेली नाही, त्यांनी कोणाला मारलेली नाही, चहा मात्र आलेला आहे. कौटुंबिक प्रश्न सोडवायची ही पद्धत मला मनापासून आवडते.

या हुकमाची मौज अशी की त्यात क्रियापदच नाही. आण, दे, कर, ओत, काही नाही. हाक आणि वस्तू, संपला विषय. जुन्या वळणाचा जपानी नवरा घरात तीनच शब्द बोलतो, असं जपानी बायकाच हसत सांगतात : ‘मेशी’, ‘फुरो’, ‘नेरु’. म्हणजे जेवण, आंघोळ, झोपतो. आता या तीन शब्दांचं जरा बारकाईने व्याकरण करा. जेवण आणि आंघोळ ही कामं बायकोने करायची, म्हणून तिथे नुसती नामं. झोप स्वतःला काढायची, म्हणून तेवढ्यालाच क्रियापद. दिवसभरातलं एकुलतं एक क्रियापद माणसाने इतकं जपून वापरावं, याला संयम म्हणतात.

मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही ‘अगं’ आणि ‘अहो’ या दोन हाकांवर पिढ्यान् पिढ्यांचे संसार निघाले. पण आपल्या व्याकरणाची एक गंमत जपानला गेल्याशिवाय कळत नाही. मराठीत क्रियापदालाच लिंग चिकटलेलं असतं. ‘जातो’ म्हटलं की बाप्या, ‘जाते’ म्हटलं की बाई. फोनवरचा आवाज कितीही घोगरा असो, क्रियापद फितूर होतंच. आज्ञा करताना मात्र मराठी एकदम निःपक्षपाती होते. ‘जा’, ‘ये’, ‘बस’, ‘ऊठ’ हे आजीने म्हटलं काय आणि फौजदाराने म्हटलं काय, रूपात काडीचा फरक नाही. जपानीत नेमकं उलटं. तिथलं क्रियापद एरवी अगदी संन्याशासारखं राहतं, त्याला लिंग नाही, वचन नाही. ‘इकिमासु’ म्हणजे जातो, जाते, जातात, जातोस, जाणार, सगळं काही. पण हुकूम सोडायची वेळ आली रे आली की संन्यासी दाढी कुरवाळू लागतो, नाहीतर पदर सावरू लागतो.

साधं ‘ये’ घ्या. ‘कोइ!’ हे मूळ, सडसडीत आज्ञार्थी रूप. ते बापाने मुलाला, मुकादमाने मजुराला, सिनेमातल्या सामुराईने समोरच्या सामुराईला म्हणायचं. ‘कितेकुरे’ म्हणजे ‘ये की लेका’, हेही पुरुषी, पण त्यात जरा गरज डोकावते. ‘किते’ सर्वांचं, घरगुती. ‘किनासाय’ आईचं आणि शाळेतल्या बाईंचं. ‘ओइदे’ लहान मुलाला. ‘कितेकुदासाय’ म्हणजे ‘या हं’, हे परक्या माणसाशी. पुढे ‘इराश्शात्ते कुदासाय’. आणि मोठ्या दुकानाच्या दारात ‘ओकोशि कुदासाइमासे’. जिना इथे संपला असं समजू नये. ‘किते इतादाकेमासेन देश्यो का’ असाही एक मजला वर आहे. त्याचा अर्थ साधारण असा की आपलं येणं आम्हाला प्रसादासारखं लाभण्याचा योग येणार नाही का हो? बोलावणारा एवढं बोलून संपेपर्यंत पाहुणा येऊन, चहा पिऊन परत गेलेला असतो.

वाक्य जितकं लांब तितका हुकूम आखूड. बाईच्या वाट्याला या जिन्याच्या वरच्या पायऱ्या आल्या आहेत. ‘कोइ’ म्हणायला तिला कायद्याने बंदी नाही, पण म्हटलं तर आजूबाजूची चार डोकी वळतात. पुरुषाला आख्खा जिना मोकळा. घरी तळमजल्यावर राहायचं आणि साहेबासमोर गच्चीवर जायचं.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना वाण नाही. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांपासून पेठांतल्या घरगुती शिकवण्यांपर्यंत सगळीकडे ‘वाताशि वा’ चालू असतं. सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहराशी मैत्री म्हणून एक अख्खी जपानी बाग आहे, आणि तिला नाव पु. ल. देशपांड्यांचं, त्यामुळे तिथे जाणारा माणूस आधीच हसऱ्या तोंडाने जातो. या विद्यार्थ्यांच्या हातात बहुधा ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक असतं. त्यात विनंती करायला, म्हणजे ‘कुदासाय’ लावायला, १४व्या धड्यात शिकवतात. हुकूम येतो ३३व्या धड्यात. तोही घाबरत घाबरत, रस्त्यावरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून. मधल्या धड्यांत विद्यार्थी इतका सुसंस्कृत झालेला असतो की ३३व्या धड्यात पोचेपर्यंत त्याच्यात हुकूम सोडायची धमकच उरत नाही.

मग तो नोकरीला लागून जपानमधल्या एखाद्या कारखान्यात जातो. तिथला मुकादम बोटाने कुठेतरी दाखवत म्हणतो, ‘ओइ, आरे, मोत्तेकोइ!’ यातला ‘आरे’ म्हणजे ‘ते तिकडचं’, पण मराठी कानाला वाटतं, आपल्यालाच ‘अरे’ म्हणाला, बरा दिसतोय, जवळीक साधतोय. पोरगा कृतज्ञतेने हसतो आणि जागचा हलत नाही. मुकादमाचा पारा चढतो. दोघांचंही जपानी व्याकरणशुद्ध असतं, फक्त एकाचं पाठ्यपुस्तक १४व्या धड्यावर थांबलेलं आणि दुसऱ्याचं ३३व्यापासून सुरू झालेलं. शिकवणाऱ्या बहुतेक बाईच असल्या की मुलं त्यांचे लकबीसकट सूर उचलतात, हा आणखी एक मुद्दा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजा जपानात राहिल्या, तेव्हा तिथल्या मैत्रिणींकडून भाषा शिकलेले आडदांड शिपाई लाडिक, बायकी जपानी बोलत हिंडायचे, असे किस्से अजून सांगतात.

पण शब्द ही झाली नुसती बंदिश. खरी गंमत पट्टीची आहे.

जपानमध्ये फोनवर गिऱ्हाइकाशी बोलायचं शिकवतात तेव्हा सरळ सांगतात, ‘दो-रे-मि-फा-सो’मधला ‘सो’ लावा. रोजच्या बोलण्यापेक्षा सूर चढवा, त्याने माणूस प्रसन्न आणि तत्पर वाटतो. आता आपल्या हिशेबात हा ‘सो’ म्हणजे पंचम. आपल्याकडे कोकिळा पंचमात गाते असं कवी शतकानुशतकं सांगत आले, पण तिने कधी त्याच सुरात ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, कृपया जोडलेले राहा’ असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. जपानने ते करून दाखवलं. हा नियम कागदोपत्री बाई आणि बुवा दोघांनाही लागू आहे. प्रत्यक्षात बुवा बहुधा मध्यमावरच दम खातात.

हा सूर कसा लागतो ते जवळून पाहायचं तर टोकियोतल्या निशिकासाईसारख्या भागात सकाळी इमारतीच्या व्हरांड्यात उभं राहावं. तिथे आपली मराठी मंडळीही पुष्कळ आहेत, त्यामुळे पोहे परतल्याचा वास येत असतो. शेजारची जपानी आई सायकलच्या मागच्या आसनावर पोराला बसवते आहे. पोराचा एक बूट पायात, दुसरा हातात. ‘हायाकु शिनासाय!’ आवाज थेट खर्जातला, छातीतून आलेला. म्हणजे ‘आटप लवकर!’ पोरगं बूट खाली टाकतं. ‘हिरोइनासाय!’ उचल तो. इतक्यात पर्समधला फोन वाजतो. बाई एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावते, आणि त्याच गळ्यातून, मधे श्वासही न घेता, एक निराळीच, वीस वर्षांनी लहान मुलगी बोलू लागते. ‘हाऽइ, मोशिमोशी, इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमाऽसु.’ बोलता बोलता ती फोनला कमरेतून वाकून नमस्कारही करते. सायकल कलते, नमस्कार मोडत नाही. पोरगं या दोन बायकांच्या मधे बूट हातात धरून बसलेलं असतं, आणि त्याला पुरतं ठाऊक असतं की खरी आई कुठली. जपानी लोक या दुसऱ्या आवाजाला ‘योसोयुकि नो कोए’ म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘ठेवणीतला आवाज’ हा तयार शब्द आहे.

यावर कोणी म्हणेल, बायकांचा आवाज उंच असतोच, स्वरतंतू आखूड, त्याला कोण काय करणार. खरं आहे, पण निसर्गाचं काम एका हद्दीपर्यंत. युमिको ओहारा या अभ्यासिकेने १९९२ साली जपानी आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या जपानी माणसांचे आवाज मोजले. बायका इंग्रजीपेक्षा जपानीत चढ्या सुरात बोलत होत्या. पुरुषांच्या सुरात फरक नव्हता. गळा तोच, तंतू तेच, भाषा बदलली की पट्टी बदलली. म्हणजे विमान टोकियोला उतरतं तेव्हा बाईचा आवाज वर चढतो. १९९५ साली रेने व्हान बेझोयेन या डच संशोधिकेने जपानी आणि डच लोकांना बायकांचे आवाज ऐकवले. सूर यंत्राने वरखाली केलेले. उंच सुराची बाई ऐकणाऱ्यांना बुटकी, दुबळी, विनयशील वाटली. खालच्या सुराची उंच, बळकट, स्वतंत्र. नुसत्या आवाजावरून बाईची उंची सांगणारी ही मंडळी आपल्याकडच्या स्थळं सुचवणाऱ्या मावशींच्या तोडीची म्हणायची.

पुरुषांचा कारभार उलटा. १९८१ साली लिओ लव्हडे यांनी सौजन्याची ठरावीक वाक्यं जपानी आणि इंग्रज लोकांकडून म्हणवून घेतली, तर जपानी बायकांचा सूर छताला लागला आणि जपानी पुरुषांचा जमिनीवरून हलेना. नम्र शब्द त्यांनी म्हटले, पण असे की ऐकणाऱ्याने उगाच गैरसमज करून घेऊ नये. अपवाद एक, आगगाडीच्या गार्डचा. दार लागण्याची सूचना देताना तो बिचारा नाकातून असा काही सूर काढतो की जपानी विनोदी नट त्याच्या नकलेवर संध्याकाळ निभावून नेतात. पुरुषाला विनंतीच्या कामाला लावलं आणि उंच सुराची मुभा दिली नाही, की आवाज नाकात जातो.

विनंतीचा धंदा करणारा जपानमधला सगळ्यांत प्रसिद्ध आवाज लिफ्टमधल्या मुलीचा. १९२९ साली टोकियोत उएनो इथल्या मात्सुझाकाया या मोठ्या दुकानाने पहिल्यांदा लिफ्ट चालवायला मुली नेमल्या, आणि पुढे हा पेशाच झाला. आता बहुतेक ठिकाणी बटणांनी तो गिळला आहे. पण निहोनबाशीच्या ताकाशिमाया दुकानात अजून जुनी, हाताने चालवायची लिफ्ट आणि ती चालवणारी मंडळी आहेत. १९३३ सालची ती इमारत, सरकली की खुळखुळणारी जाळीची दारं. गणवेश, टोपी, पांढरे हातमोजे. दार लागायच्या आधी तळहात वर करून ती म्हणते, ‘उए ए माइरिमाऽसु’. वर जात आहे. हे ‘माइरिमासु’ इतकं लीन रूप आहे की लिफ्ट वर जाते याबद्दल तिला संकोच वाटतोय असं वाटावं. गर्दी वाढली की ती म्हणते, ‘ओकु ए ओत्सुमे कुदासाय’. याचा मराठी अनुवाद बेस्टच्या कंडक्टरने ‘चला, पुढे चला, पुढे चला’ असा कधीच करून ठेवला आहे. पण इथे तो पंचमात, मान तिरकी करून होतो, आणि लिफ्टमधले सगळे दीड दीड इंच आत सरकतात. फौजदाराला जे जमलं नसतं ते काम होतं. तेव्हा हा आवाज दुबळा म्हणायचा की काय, मला ठरवता येत नाही. विनंतीचं सोंग घेतलेल्या हुकमाला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नसते.

पुढे मुली गेल्या आणि आवाज राहिला. जपान हा बोलत्या यंत्रांचा देश आहे. पैसे काढायचं यंत्र कार्ड घालण्याची विनंती करतं, सरकता जिना कठडा धरायची विनवणी करतो, न्हाणीघराच्या भिंतीतून एक बाई प्रेमाने सांगते की पाणी तापलं. सगळ्यांत बहार ट्रकची. वळणावर एक धूड येतं, आत मानेभोवती टॉवेल गुंडाळलेला आडदांड चालक, आणि ट्रकच्या पोटातून नाजूक स्वर येतो, ‘डावीकडे वळत आहे, कृपया सांभाळावे.’ मागे येताना तीच बाई ‘बाक्कु शिमासु’ म्हणते. आपल्याकडे गाडी मागे घेताना निदान गाणं तरी लागतं. स्टेशनांवर मात्र समानता आहे. बऱ्याच मार्गांवर एका दिशेच्या गाडीची घोषणा बाई करते आणि उलट्या दिशेची बुवा, कोणती गाडी येतेय ते ऐकूनच कळावं म्हणून. पिवळ्या रेषेमागे उभं राहायला मात्र दोघंही ‘कुदासाय’ लावूनच सांगतात.

ही बायकी बोली फार प्राचीन, शालीन, राजघराण्यातून झिरपत आलेली आहे, असं जपानी लोक अभिमानाने सांगतात. तिचा जन्मदाखला काढला की मात्र घोटाळा होतो. वाक्याच्या शेवटी ‘तेयो’, ‘दावा’ असे लाडिक शब्द लावायची ढब मेइजी काळातल्या शाळकरी पोरींनी सुरू केली आणि शहाण्यासुरत्यांनी कपाळाला हात लावला. ओझाकी कोयो हा कादंबरीकार तेव्हा विशीत होता. त्याने १८८८ साली बायकांच्या एका मासिकात लेख लिहून या उथळ, हलक्या घरातल्या बोलण्याबद्दल नाकं मुरडली. मियाको इनोउए या अभ्यासिकेने २००६ सालच्या आपल्या पुस्तकात पुढची कथा उलगडली आहे. ज्या पुरुष लेखकांना ही बोली छचोर वाटत होती, त्यांनीच ती कादंबऱ्यांतल्या नायिकांच्या तोंडी घातली. वाचक मुलींनी ती तिथून उचलली. आणि दोन पिढ्यांत कालचा वात्रटपणा आजची परंपरा झाला.

पुरुषांनी बाईचा नमुना घडवावा आणि बायकांनी तो गिरवावा, हे बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. त्यांच्या नेसण्याची, चालण्याची नक्कल घरंदाज बायका करत. जपानमध्येही १६२९ साली बायकांना रंगभूमीवर बंदी झाली, आणि काबुकीतली स्त्री कशी चालते, कशी बोलते, हे पुढे अडीच शतकं पुरुषांनी ठरवलं.

आज तर आणखी मजा आहे. हल्लीच्या जपानी मुली आपापसात वाक्याच्या शेवटचे हे बायकी ‘वा’ आणि ‘नोयो’ फारसे बोलत नाहीत. मग शुद्ध, घाटदार स्त्रीबोली ऐकायची कुठे? तर हॅरी पॉटरच्या जपानी अनुवादात. इंग्लंडच्या शाळेत शिकणारी हर्मायनी तिथे एखाद्या जुन्या खानदानी कन्येसारखी बोलते. परदेशी सिनेमाच्या जपानी आवाजातल्या नट्याही तसंच. म्हणजे अस्सल जपानी बाई आता परदेशीच राहिली आहे.

पंचाईत झाली ती साहेबीण झालेल्या बाईची. नोकरीतल्या समान संधीचा कायदा १९८५ साली झाला, पुढच्या वर्षी लागू झाला, आणि हळूहळू बायका अशा खुर्च्यांवर बसल्या जिथून हुकूम सोडावेच लागतात. ‘शिरो!’ म्हणजे ‘कर!’ म्हणावं तर पुरुषी. ‘करून देण्याची कृपा होईल का’ म्हणावं तर हाताखालचा माणूस खरंच विचार करू लागतो, होईल की नाही ते. जॅनेट शिबामोतो स्मिथ यांनी १९९२ सालच्या एका लेखात यातली एक पळवाट दाखवून दिली. अधिकारपदावरच्या बायका आईची भाषा वापरतात. जपानी बाईला निर्विवाद सत्ता असलेली तेवढी एकच जागा, मग तिथला सूर कचेरीत आणायचा. त्यामुळे पन्नाशीचा, टक्कल पडलेला उपव्यवस्थापक ‘हा तक्ता आज पुरा करायचा हं’ अशा सुरातलं काहीतरी ऐकतो आणि निमूट पुरा करतो. त्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक हातात बूट धरलेला कोणी असावा.

सडसडीत आज्ञार्थ सगळ्यांना खुला असलेल्याही काही जागा आहेत. रस्त्यावरची लाल उलट्या त्रिकोणाची पाटी : ‘तोमारे’. थांब. तिला लिंग नाही, पट्टी नाही, ‘कुदासाय’ नाही. दुसरी जागा खेळाच्या मैदानावरची. ‘गांबारे!’ म्हणजे ‘लढ बाप्पू!’ हेही निखळ आज्ञार्थी रूप, पण शाळेच्या क्रीडादिनी नातवाच्या शर्यतीला आलेली, एरवी मुंगीलाही ‘जरा बाजूला होता का’ म्हणेल अशी आजी हे घसा फुटेस्तोवर ओरडते आणि कोणाला वावगं वाटत नाही.

तिसरी जागा समुद्राने उघडली. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर लाटा येऊ लागल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांत भोंग्यांवरून सूचना सुरू झाल्या. नेहमीची सभ्य भाषा म्हणजे ‘हिनान शितेकुदासाय’, कृपया सुरक्षित जागी जावे. इबाराकी प्रांतातल्या ओआराई या गावात मात्र ‘हिनान सेयो’ अशी घोषणा झाली. जुन्या लष्करी आदेशात शोभावं असं हे रूप. ताबडतोब उंचावर जा. गावकऱ्यांच्या कानाला ते इतकं विचित्र लागलं की आज काहीतरी निराळं आहे हे त्यांना त्या रूपावरूनच कळलं, आणि लोक निघाले. त्या गावात लाटेने एकही बळी घेतला नाही. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने त्यानंतर आपली निवेदनाची पद्धत बदलली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, ऐन नववर्षाच्या दुपारी, घरोघरी लोक टीव्हीपुढे गोळा झालेले. आणि पडद्यावरून एक निवेदिका कडाडली, ‘इमा सुगु निगेरु कोतो!’ आत्ताच्या आत्ता पळायचं! टीव्ही बघत बसू नका! ठेवणीतला आवाज नाही, मान तिरकी नाही. हे ‘कोतो’ शाळेच्या नियमावलीत असतं तसलं रूप, ना बाईचं ना बुवाचं. दुसऱ्या दिवशी लोक भूकंपाबरोबर तिच्या आवाजाबद्दलही बोलत होते.

या सगळ्या भानगडीवर सगळ्यांत व्यवहारी तोडगा काढला तो कुत्री शिकवणाऱ्यांनी. अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे जपानमध्ये इंग्रजीत हुकूम घेतात. ‘सिट’, ‘डाउन’, ‘वेट’. याचं कारण या संस्थाच सांगतात. जपानीत शिकवलं तर बाई एक म्हणणार, बुवा दुसरं, आणि मुलखागणिक बोली तिसरी. तरुण प्रशिक्षिकेने ‘सुवात्ते’ म्हणजे ‘बस ना’ असं म्हणत तयार केलेला कुत्रा उद्या ओसाकाच्या एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थाकडे गेला आणि त्याने ‘सुवारान्काय!’ अशी डरकाळी फोडली, तर त्या मुक्या जिवाने काय समजावं? साऱ्या देशाला शतकभर न सुटलेला प्रश्न कुत्र्यापुरता सुटला. आता ‘सिट’चा जपानी उच्चार ‘शित्तो’ असा होतो आणि तो ऐकून इंग्रज पाहुणे दचकतात, पण कुत्र्याला त्याचं काही नाही, तो बसतो.

एकच पेच राहिला, शाबासकीचा. तिलाही इंग्रजी शब्द आहे, ‘गुड’. पण कुत्र्याला शब्दापेक्षा सूर कळतो. हुकूम ठाम सुरात द्यावा आणि कौतुक उंच, उल्हसित आवाजात करावं, तरच ते त्याच्यापर्यंत पोचतं. बायकांना यात शिकण्यासारखं काही नाही. पुरुषांना मात्र सराव करावा लागतो. तेव्हा एखादा धिप्पाड, पन्नाशीचा, आयुष्यात ‘कोइ’च्या वर न चढलेला गडी भर रस्त्यात गुडघ्यावर बसतो, इकडेतिकडे बघून घेतो आणि थेट पंचम लावतो, ‘गूऽऽड! गूऽऽड!’